'हा आपला प्रांत नव्हे' म्हणणाऱ्या वाचकांस

मागच्या लेखाखाली एका वाचकांची प्रतिक्रिया आली आहे. लेख अमेरिकी सैन्याच्या 1808 साली उभ्या राहिलेल्या रायफल रेजिमेंटवर होता, आणि आज तिचा वेश चढवून त्या लढाया पुन्हा उभ्या करणाऱ्या हौशी मंडळींवर. प्रतिक्रिया अशी: "ताई, हा आपला प्रांत नव्हे. ही मंडळी म्हणजे निव्वळ फॅन्सी ड्रेस. रायफलवाले हिरव्या गणवेशात असत, तुमच्या फोटोत करडे कोट! ज्यांना रंग धड जमत नाही त्यांना इतिहास काय जमणार? शिवाय संगीन नाही, भरायला वेळ लागतो, अशा बंदुकीने लढाया जिंकत नसतात. त्यापेक्षा आपल्या गडांवर लिहा."

'ताई' म्हणालात, बरं वाटलं. पण पुढचं वाक्य सख्ख्या ताईला ऐकवून बघा, मग कळेल.

प्रांताचंच म्हणाल तर माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. आमच्याकडे जेवताना काडतुसांच्या गप्पा चालायच्या. एनसीसीत मी नेम धरायला शिकले तेव्हा शेजारच्या रांगेतली पोरं माझं टार्गेट बघायला यायची. आता अमेरिकेतल्या बफेलोत राहते आणि ज्या ओढ्यावर या रेजिमेंटने ब्रिटिशांना अडवलं, त्याच्या काठच्या हमरस्त्याने कामावर जाते. तुमचा प्रांत कोणता, ते तुम्ही लिहिलेलं नाही.

आता करडा कोट. साहेब, रेजिमेंट उभी राहिली तेव्हा गणवेश हिरवा होता, हे मीच लेखात लिहिलंय. उन्हाळ्यात हिरवा, झालरीचा सैलसर शिकारी सदरा, हेही लिहिलंय. पण 1814 साली रायफलवाल्यांचा गणवेश करडा झाला. माझ्या फोटोतली मंडळी 1814 चा फोर्ट एरीचा वेढा उभा करत होती, म्हणजे अमेरिका-ब्रिटन युद्धात अमेरिकी फौजेच्या ताब्यातल्या या किल्ल्याला ब्रिटिशांनी घातलेला वेढा. फोटोखाली साल दिलं होतं. चूक काढायची तर फोटोखालची ओळ तरी वाचायची!

आणि फॅन्सी ड्रेस? त्या करड्या कोटातल्या गृहस्थांनी सगळी काजं हाताने केली आहेत. मी जवळून बघितली. मशीनचा टाका कॉलरच्या आतसुद्धा नाही. माझ्या हातात प्लास्टिकची पाण्याची बाटली बघून त्यांनी ती मला तंबूच्या मागे ठेवायला लावली, तीही फार प्रेमाने नाही. मैदानात उतरण्याआधी एकेकाची बंदूक तपासली जाते. ठासणीचा गज नळीत सोडतात आणि तळाशी लोखंडावर लोखंड खणकलं की नळी रिकामी. नंतर गोळी कुणीच भरत नाही, नुसती दारू. चकमक पडते, रंजक, म्हणजे ठिणगी झेलणारी चिमूटभर दारू, भुर्रकन पेटतं, गालापाशी धूर येतो आणि बार उडतो. दिवसभरात अंगठा काळा होतो तो चार आंघोळींनी निघत नाही. शाळेच्या गॅदरिंगला एवढं कोण करतं?

संगीन नव्हती, हे तुमचं खरं. या रेजिमेंटच्या, हार्पर्स फेरीच्या सरकारी कारखान्यातल्या 1803 च्या रायफलीला ती बसतच नसे. भरायला वेळ लागे, हेही मान्य. तेलकट चिंधीत गुंडाळलेली गोळी नळीतल्या वळणदार खाचांतून ठासत न्यावी लागायची, आणि दहा-बारा बारांनंतर काजळी साचून ते आणखी जड जायचं. म्हणून तर ही माणसं आडोसा धरून लढत. 3 ऑगस्ट 1814 ला कॉन्जॉक्टा क्रीकवर, म्हणजे माझ्या कामाच्या वाटेवरच्या त्याच ओढ्यावर, मेजर लॉडोविक मॉर्गनच्या साधारण 240 रायफलवाल्यांनी पुलाच्या फळ्या काढून ठेवल्या, ओंडक्यांची भिंत रचली आणि सुमारे 600 ब्रिटिशांना परत पाठवलं. ते पलीकडे गेले असते तर फोर्ट एरीची रसदच तुटली असती. त्याच सालच्या मे महिन्यात सँडी क्रीकला मेजर ऍपलिंगच्या रायफलवाल्यांनी आणि ओनायडा या तिथल्या मूळनिवासी जमातीच्या योद्ध्यांनी ब्रिटिशांची अख्खी तुकडी पकडली. 'लढाया जिंकत नसतात' म्हणे. मॉर्गन पुढे नऊच दिवसांनी फोर्ट एरीपाशी पडला, नाहीतर त्यालाच विचारायला सांगितलं असतं.

गडांवर लिहा, हा सल्ला मला दर लेखाखाली कुणी ना कुणी देतं. या ब्लॉगवर राजगड आहे, हरिश्चंद्रगड आहे, शोधून वाचा. तिथे तुमची प्रतिक्रिया दिसली नाही.

फोर्ट एरीचा वेढा उन्हाळ्यात उभा करतात. बफेलोहून पूल ओलांडला की कॅनडात आलंच. तुम्ही जरूर या, मी वाट दाखवीन. फक्त कोटाच्या रंगाबद्दल विचारायचं असेल तर याच सुरात विचारू नका. तो काजंवाला माझ्याइतका सोशिक नाही.