नवतपा आणि ५९ व्होल्ट

‘मिस्ट’ हा संगणकावरचा खेळ १९९३ साली अमेरिकेतल्या स्पोकेनकडे राहणाऱ्या रँड आणि रॉबिन मिलर या दोघा भावांनी काढला. हा खेळ कोणी नागपुरात, मे महिन्यात, लोखंडी कूलरपुढे बसून खेळेल हे त्यांच्या डोक्यात आलंच नसणार. आलं असतं तर त्यांनी इतकी कोडी आवाजावर बेतली नसती.

बाहेरगावच्या लोकांना वाटतं की कूलर वारा देतो. नागपूरकराला ठाऊक असतं की कूलर आधी आवाज देतो, मग जमलं तर वारा. पत्र्याचा डबा, आत अठरा इंची पंखा, तळाला पंप, तीन बाजूंना खस. पंखा घरघरतो, पंप कुरकुरतो, पत्रा थरथरतो, आणि टाकीतलं पाणी उतरलं की पंप ‘सुर्रर्र’ असा वेगळाच सूर लावतो. या बैठकीत संगणकाच्या दोन चिमुकल्या स्पीकरना विचारतो कोण? बरं, कूलर बंद करावा तर नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागलेला. पारा पंचेचाळीसच्या वर. दहाव्या मिनिटाला माऊस हातातून सटकायला लागतो. म्हणजे कूलर चालू तर कान गेले, कूलर बंद तर डोकं गेलं. आणि या खेळाला नेमक्या याच दोन गोष्टी लागतात.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक निर्मनुष्य बेट. त्यावर ग्रंथालय, घड्याळाचा मनोरा, बुडालेलं जहाज, देवळासारख्या खांबांमध्ये उभं केलेलं एक यान. यांतूनच चार निराळ्या जगांत जायच्या वाटा. कोणी काही सांगत नाही. मारामारी नाही, गुण नाहीत, मरण तर नाहीच. त्यामुळे घरच्यांची पंचाईत होते. आजी पदराने वारा घेत पडद्याकडे बघते आणि विचारते, “कधीचा खेळून राहिला बाप्पा, कोणी मेलं नाही का अजून?” काय सांगणार? इथे फक्त खेळणाऱ्याचा जीव जातो, तोही हप्त्याहप्त्याने.

आता ते यान. ग्रंथालयातल्या एका वहीत पियानोच्या पट्ट्यांचं चित्र आहे, त्यात पाच पट्ट्या नेमून दिलेल्या. यानाच्या एका टोकाला ऑर्गन आहे. त्या पाच पट्ट्या तिथे वाजवायच्या, सूर कानात धरायचे, आणि यानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पाच सरकत्या दांड्या त्याच सुरांवर आणायच्या. दांडीवर आकडा नाही, खूण नाही, फक्त सूर. पाचांपैकी एक जरी अर्ध्या पट्टीने चुकली तर पुढची वाट उघडत नाही, आणि कोणती चुकली तेही कळत नाही. यात गोम अशी की ऑर्गन आणि दांड्या एकाच वेळी समोर येत नाहीत. मधल्या चार-दोन क्लिकमध्ये सूर डोक्यात टिकवायचा असतो, आणि नेमका तेव्हाच कूलरचा पंप आपला षड्ज लावतो.

यावर नागपुरी तोडगे बरेच आहेत. घरात पेटी असेल तर निम्मं काम झालं. ऑर्गनचा सूर ऐकायचा, पेटीवर ती पट्टी शोधायची, खडूने खूण करायची, मग दांड्यांपाशी जाऊन पेटी वाजवत जुळवायचं. पेटी नसेल तर मोबाइलवर ट्यूनर चालवायचा, तो सुराचं नाव लिहून दाखवतो. पण कूलर चालू असला तर तो बिचारा कूलरचंही नाव सांगतो. तेव्हा पंखा बंद करायचा आणि पंप चालू ठेवायचा. खस ओली राहते, सात-आठ मिनिटं निभतं, मग पंखा लावला की पहिला झोत गारच येतो. पंप बंद करून पंखा चालू ठेवणारे लोकही पाहिले आहेत. त्यांना ना सूर मिळतो ना गारवा, गरम वारा तेवढा मिळतो. हेडफोन हा उपाय पुण्या-मुंबईच्या लोकांनी सुचवावा. पंचेचाळीस अंशांत कानांवर गाद्या बांधून कोण बसतं!

सूर लावण्याआधी यानात वीज आणावी लागते, आणि इथे मात्र आपला माणूस घरच्या मैदानावर असतो. विटांच्या खोलीत जनरेटर, त्याला दहा बटणं, प्रत्येक बटणाचे व्होल्ट निराळे. यानाला हवेत बरोब्बर ५९. एक जास्त झाला की ब्रेकर पडतो आणि यानाकडचा काटा शून्यावर. नवशिका सगळी बटणं दणादण दाबतो. शहाणा एकेक बटण एकटं दाबतो, काटा बघतो, वहीत लिहितो, बंद करतो, मग बेरीज मांडतो. २२, १९, १६ आणि २ अशी चार बटणं लावली की झालं. ब्रेकर पडलाच तर बाहेर येऊन खांबावर आपणच चढायचं आणि खटका वर करायचा. तक्रार क्रमांक नाही, ‘लाइनमन जेवायला गेला’ नाही. कोड्यांच्या खेळात मला सर्वांत काल्पनिक वाटलेली जागा हीच. अख्ख्या बेटावर व्होल्टेज ५९ म्हणजे ५९ राहतं, शेजाऱ्याने मोटर लावली म्हणून ४१ होत नाही.

हे ५९ सापडतात कुठे? ग्रंथालयातल्या नकाशावर बोट दाबून धरलं की फिरत्या मनोऱ्याची (घड्याळाचा तो वेगळा) रेघ फिरते, आणि यानाच्या रोखाने आली की लाल होते. तिथे थांबवून मनोऱ्यात जायचं. एका बाजूला यान दिसतं, दुसऱ्या बाजूला आकडा लिहिलेला. पण नकाशावर काही दिसावं तर त्याआधी बेटावरचे खटके वर केलेले हवेत. असे आठ आहेत. निम्मे लोक इथेच अडतात, कारण खटका दिसला की माणूस तो एकदा वर करतो, एकदा खाली करतो, काही झालं नाही म्हणून पुढे जातो, आणि जाताना तो खालीच ठेवतो.

यान एकदाचं जिथे नेतं तिथे पुन्हा आवाजच. पाणी, आग, घड्याळ, स्फटिक आणि बोगद्यातला वारा. हे आवाज ऐकणाऱ्या यंत्राची तोंडं एकेका दिशेला वळवायची आणि आवाज टिपायचे. पाण्याचा आवाज ओळखताना खेळातलं पाणी कोणतं आणि कूलरचं कोणतं, हा पोटप्रश्न आहेच. खेळातल्या आवाजांचं काम ख्रिस ब्रँडकॅम्प यांनी केलं होतं. बेटावरच्या बॉयलरमधल्या आगीचा आवाज त्यांनी खडीवरून हळूहळू गाडी चालवून मिळवला. सिमेंटच्या रस्त्यांची कामं निघाल्यापासून आमच्या गल्लीत तो दिवसभर फुकट ऐकू येतो.

मग येतो तो भुयारी चक्रव्यूह. एका छोट्या डब्यात बसायचं, प्रत्येक चौकात डबा एक आवाज काढतो, आणि तो आवाज म्हणजे दिशा. उत्तरेचा एक, पूर्वेचा दुसरा. ईशान्य असेल तर दोन्ही एकदम. जगभरच्या खेळणाऱ्यांनी या चक्रव्यूहाला जेवढ्या शिव्या घातल्या तेवढ्या आम्ही नळावर पण ऐकल्या नाहीत. माझं मत जरा वेगळं आहे. चक्रव्यूह चांगला आहे. गोची अशी की त्या आवाजांचा शब्दकोश भलत्याच जगात ठेवला आहे. दातेरी चाकांच्या जगात एक फिरता किल्ला आहे, तो ज्या दिशेला थांबतो त्या दिशेचा आवाज काढतो. तिथे हे चार आवाज पाठ करून मग यानाकडे गेलं तर चक्रव्यूह पंधरा मिनिटांचा. पण आधी कुठे जायचं हे खेळ सांगत नाही, आणि यान दिसायला झकास, म्हणून लोक आधी तिकडेच धावतात. माझा सल्ला: आधी घड्याळ, कारण दातेरी चाकांच्या जगाची वाट तिथूनच जाते. दोन चाकं फिरवून २:४० वाजवायचे, लाल बटण दाबलं की पाण्यातून दातेरी चाकांची वाट वर येते. घड्याळाच्या मनोऱ्याच्या आत तीन आकडे २-२-१ वर आणायचे. यान सगळ्यांत शेवटी, आणि जमल्यास पहाटे.

आणखी एक तक्रार रास्त आहे. लाल आणि निळी पानं गोळा करून पुस्तकांत कोंडलेल्या दोन भावांना द्यायची असतात, आणि एका वेळी पान एकच उचलता येतं. चार जगं, दोन भाऊ, म्हणजे आठ फेऱ्या. बर्डीवर खरेदीला जाऊन दरवेळी एकच वस्तू घेऊन घरी परतावं तसं. पण दोघांना खूश करायचं कारणच नाही. एकाच्याच रंगाची पानं आणत गेलं तरी तो भाऊ शेवटी १५८ क्रमांकाचा नमुना कुठे आहे ते सांगतो, आणि तोच नमुना शेकोटीच्या आत उमटवायचा असतो. पुढे भावांचं ऐकायचं की नाही, ते ज्याचं त्याने ठरवावं. भाऊबंदकीचे दावे पाहिलेल्या माणसाला ते पहिल्या भेटीतच कळतं.

उत्तरं बघून खेळावं का, यावर टपरीवर पोह्यांची तर्री निवेपर्यंत वाद चालतो. एक गट म्हणतो, उत्तर बघितलं की खेळ मेला. दुसरा म्हणतो, “राजेहो, आम्हाला पण कामं आहेत.” खरं बघता ज्याला सगळं ठाऊक आहे तो ‘मिस्ट’ पाच मिनिटांत संपवतो, म्हणजे पैसे वाटेतल्या भटकण्याचेच दिलेले असतात. चक्रव्यूहाचं उत्तर खुशाल बघा, त्यात शिकण्यासारखं फार नाही. पण पुढच्या, १९९७ च्या ‘रिव्हेन’मधल्या आकड्यांचं उत्तर बघणाऱ्याशी मी बोलत नाही.

ते आकडे खरंच बघण्यासारखे आहेत. दहाऐवजी पंचवीसचा पाया. चौकोनात एक उभी रेघ म्हणजे १. तीच रेघ आडवी केली की ५. म्हणजे चिन्ह पाव फेरा फिरवलं की त्याची पाचपट. २ चं चिन्ह फिरवलं की १०, आणि ५ वर २ ठेवलं की ७. हे सगळं एका शाळेतल्या खेळण्यावरून कळतं. खेळण्यात माणूस टांगलेला, खाली जलचर तोंड उघडून. चक्र फिरवलं की एक आकडा दिसतो आणि माणूस तेवढे टप्पे खाली येतो. टप्पे मोजा, चिन्ह उतरवा. पोरांना अंकलिपी शिकवायची ही तऱ्हा बघून आमच्या शाळेतले मास्तर एकदम मवाळ वाटायला लागतात. यासाठी गणिताची चौकटीची वहीच घ्यावी आणि शिसपेन्सिल वापरावी. कूलरच्या दमट हवेत कागद पापडासारखा मऊ पडतो आणि शाईपेनची उभी रेघ फुटून आडवीशी दिसायला लागते. १ चा ५ व्हायला एवढं पुरतं.

‘रिव्हेन’ मुळात पाच सीडींवर आला. बेट बदललं की सीडी बदला. २०२४ मध्ये तो नव्याने बनवला, आता मोकळेपणी फिरता येतं, काही कोडीही बदलली. जुने लोक म्हणतात, जुन्यात मजा होती. जुन्यात ती लाकडी गोळ्यांची भानगड होती, गोळा फिरवला की प्राण्याचा आवाज येई आणि पाठीवर आकडा दिसे. म्हणजे पुन्हा कानच.

आणि कान म्हटलं की २०१६ चा ‘द विटनेस’ आलाच. त्यात पाटीवर रेघ काढत कोडी सोडवायची, आणि त्यातल्या जंगलात रेघ कशी वळवायची हे पक्षी सांगतो: वरचा सूर, खालचा सूर, पुन्हा वरचा. यासाठी मी पहाटे साडेचारची वेळ सुचवतो. गच्चीवरची मंडळी झोपलेली असतात, पारा तिशीच्या आसपास, कूलर बंद ठेवला तरी चालतो. घर इतकं शांत की संगणकाचा पंखाही ऐकू येतो. खेळातला पक्षी वरचा सूर लावतो, खालचा लावतो, आपण श्वास रोखून रेघ अर्ध्यावर आणतो, आणि खिडकीबाहेरच्या कडुनिंबावर कोकीळ सुरू होतो. तो फक्त वर-वर-वर जातो.