दुसऱ्यांच्या मुलांना ओरडायचं नाही म्हणे!

आज सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज. 'कृपया दुसऱ्यांच्या मुलांना परस्पर रागावू नये, पालकांशी बोलावे.' नाव घेतलं नाही पण रोख माझ्यावरच. काल एका पोराने लिफ्टची सगळी बटणं दाबली, आत एक आजी धापा टाकत उभ्या, मी म्हटलं, "काय रे, अक्कल आहे का?" बस एवढंच! आणि मेसेजखाली धडाधड अंगठे.

आम्ही लालबागच्या चाळीत वाढलो. तिसरीत असताना जिन्याच्या कठड्यावरून घसरत होतो तर शेवटच्या खोलीतल्या मावशी भाकऱ्या थापता थापता उठून आल्या आणि असा धपाटा घातला की खाकी चड्डीवर पिठाची पाच बोटं उमटली. आईने ती बोटं बघितली, कुणाची ते ओळखलं आणि गॅलरीतूनच ओरडली, "बरं केलंत हो!" वर घरात अजून एक बसली ती वेगळी.

मान्य, चाळ म्हणजे काही स्वर्ग नव्हता. संडासाची रांग, नव्या सुनेला रडायला कोपरा नाही. वरळीच्या बीडीडी चाळींतल्या लोकांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये १६० चौरस फुटांच्या बदल्यात ५०० च्या घराच्या चाव्या मिळाल्या तेव्हा मलाच भरून आलं.

पण मावशींचा तो धपाटा फुकटचा नव्हता राव. जानेवारी ८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, बाबांचा पगार बंद, आई दादरला घरकामाला जायला लागली, तेव्हा शाळेतून आलो की मी आणि ताई मावशींकडेच जेवायचो, आणि त्यांचाही नवरा गिरणीतच होता, म्हणजे तिथेही खडखडाटच! जी आपल्या पानातलं वाढते तिने धपाटा घालायच्या आधी आईशी 'बोलावे'?? कुणाच्या डोक्यात तरी आलं असतं का?

आता काय, गिरण्यांच्या जागेवर टॉवर. प्ले एरियात रबराची फरशी, गार्ड, सीसीटीव्ही. पोरावर कॅमेऱ्याने नजर ठेवलेली चालते, जिवंत माणसाने दटावलेलं नाही चालत.

जाऊ दे. त्या पोराची आई सातनंतर दमून येते, मलाही दिसतं. बंद दारांमागची माणसं तिला कोण लागतात की तिने म्हणावं, बरं केलंत? बायको म्हणतेय रविवारी त्यांना पोह्यांना बोलवू. मी अजून हो म्हटलेलं नाही, आधी ते अंगठेवाले बघतो, निम्मे परळ-लालबागचेच आहेत.