फांदी हद्दीत आली? अभिनंदन!

शेजाऱ्याच्या झाडाची फांदी कुंपण ओलांडून तुमच्या अंगणात डोकावतेय? अभिनंदन! पुढच्या दहाएक वर्षांची करमणूक आयती चालून आली. पथ्य एकच, शेजाऱ्याशी बोलायचं नाही. बोललात तर तो रविवारी शिडी लावून फांदी उतरवून देईल आणि सगळी मजाच संपेल.

त्यापेक्षा ओळंबा आणा. हद्द जमिनीवर, फांदी हवेत. तेव्हा स्टुलावर चढून दोरी सोडा, हद्दीच्या रेघेवर आणा आणि फांदीवर खडूने खूण करा. वारा सुटला की खूण शेजारी जाऊन परत येते. ती स्थिर होईपर्यंत करवत धरून थांबा. बोटभर पलीकडे कापलंत तर फिर्यादी तो, आरोपी तुम्ही.

इंग्लंडात फांदी कापायच्या या हक्कावर 1894 मध्ये खुद्द हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, शिक्कामोर्तब केलंय. आपल्या जागेत उभं राहून हद्दीपर्यंतच्या फांद्या कापा, शेजाऱ्याला कळवायचीही गरज नाही. फक्त कापलेली फांदी त्याचीच. फळंही त्याचीच, 1919 च्या एका खटल्यात आपल्याकडे झुकलेली फळं तोडून विकणाऱ्या गृहस्थाला भरपाई द्यावी लागली. म्हणजे घाम तुमचा, सरपण त्याचं. आणि रागाने ते त्याच्या अंगणात भिरकावलंत, तर अतिक्रमण पुन्हा तुमचंच.

फळांचा मोह सुटत नसेल तर जर्मनीत बिऱ्हाड करा. तिथे तुमच्या जमिनीवर आपणहून पडलेलं फळ तुमचं. झाड हलवायचं नाही हं! खाली खुर्ची टाकून वाऱ्याची वाट बघायची. फ्रान्समध्येही गळालेलं फळ तुमचं, पण फांदी स्वतः तोडायची नाही, मालकाला तोडायला लावायची. मुळं मात्र खुशाल तोडा. जपानमध्येही फांदी-मुळांना 2023 पर्यंत हाच न्याय होता. ज्यावर झाड उभं आहे त्यावर कुऱ्हाड चालेल, ज्याची पानं गळतात त्याला हात लावायचा नाही! आता तिथे, सांगूनही मालक ढिम्म राहिला, तर फांदीही छाटता येते. (सांगूनही, म्हणजे आधी बोलणं आलंच. वाईट कायदा.)

त्यातून झाड संरक्षित निघालं तर सोन्याहून पिवळं. अर्ज, पाहणी, परवानगी. तोवर फांदी वाढते, फाइलही वाढते.

दरम्यान पन्हळीत पानं साचून छताला ओल आली, तरी पानं काढू नका. तो पुरावा आहे.