भाड्याचा फ्लॅट घेण्याआधी मागितले जाणारे पैसे

नाशिकमध्ये फ्लॅट शोधणारी मंडळी भाडं आणि डिपॉझिटवर तासभर घासाघीस करतात, पण त्याआधीच्या किरकोळ पैशांना पटकन हो म्हणतात. व्हिजिट चार्ज, फॉर्म फी, व्हेरिफिकेशन, प्रोसेसिंग. माझं मत ठाम आहे: फ्लॅट आतून बघितल्याशिवाय आणि मालकाशी बोलल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

'मी लष्करात आहे, बदली झालीय, फ्लॅट बघायला गेटपासचे पैसे भरा, लगेच परत मिळतील' हा फसवणुकीचा ठरलेला प्रकार आहे. देवळालीच्या लष्करी छावणीमुळे आपल्याकडे तो खराही वाटतो. पैसे मिळवायला यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, एवढं घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

सगळ्यात जास्त वाद टोकनवरून होतात. एजंट म्हणतो, 'पाच हजार टाका, फ्लॅट होल्ड करतो.' मग मालक नाही म्हणतो आणि पैसे एजंटकडे अडकतात. म्हणून टोकन थेट मालकाच्या खात्यावर द्या आणि आधी व्हॉट्सॲपवर लिहून घ्या: फ्लॅट नंबर, भाडं, डिपॉझिट, ताबा कधी, टोकन डिपॉझिटमध्ये वळतं होणार की नाही, मालकाने नकार दिला तर किती दिवसांत परत. मालकाचा 'ओके' आल्यावरच पैसे पाठवा.

आता करारनामा. इथे एजंट एकरकमी आकडा सांगतो, त्याची फोड मागा. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे घरभाड्याच्या नेहमीच्या कराराची, स्टॅम्प ड्युटी 0.25 टक्के असते. ती मुदतीचं एकूण भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वर्षाला 10 टक्के व्याज, या बेरजेवर लागते. भाडं 14,000, डिपॉझिट 50,000, मुदत 11 महिने धरा. भाडं 1,54,000, व्याज सुमारे 4,600. म्हणजे ड्युटी साधारण 400 रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. याशिवाय दस्त हाताळणी शुल्क. उरलेलं सगळं एजंटचं मानधन. ते घरी येऊन बायोमेट्रिक घेतात, त्याचे पैसे घ्यावेत, पण ते 'सरकारी फी' म्हणून सांगू नयेत. चलन (सरकारी फी भरल्याची पावती) आणि इंडेक्स टू (करार नोंदल्याचा सरकारी उतारा) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका.

'11 महिन्यांचाच आहे, नोटरी पुरे' हे चुकीचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा. जबाबदारी मालकाची आहे. कसूर झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. करार नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. मालकांनो, नोंदणी तुमच्याच फायद्याची आहे.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर मालक स्वतः भरू शकतो. त्यासाठी एजंटने पैसे मागितले तर ती त्याची फॉर्म भरण्याची मजुरी, एवढंच.

दलाली एक महिन्याचं भाडं, ही प्रथा आहे. ठीक आहे. पण त्याच फ्लॅटचा करार पुढे वाढवताना एजंटने पुन्हा दलाली मागितली तर देऊ नका. त्यात त्याने काही शोधलेलं नसतं.

आणि सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः न राहता फ्लॅट भाड्याने देतो त्याचं शुल्क, सभासदावर, म्हणजे मालकावर लागतात, तेही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंतच. मालकाने ते तुमच्या भाड्यात धरले असतील तर करारात तसा आकडा लिहायला लावा, नाहीतर मेंटेनन्सच्या नावाखाली ते पुन्हा मागितले जातात.