लोकोचे टेक्निशियन

परवा सकाळी दहाला पाच कमी असताना मी आंघोळबिंघोळ करून कॉम्प्युटरसमोर बसलो होतो, तत्काळचं तिकीट काढायचं होतं. महाराष्ट्र एक्सप्रेस, भुसावळ ते पुणे, थर्ड एसी, कारण मे महिन्यात आमच्याकडून स्लीपरने निघायचं म्हणजे स्वतःहून कढईत बसायचं. एसीचं तत्काळ 10 ला उघडतं. बरोबर 10 ला स्क्रीनच्या कोपऱ्यात हेडफोन लावलेला एक निळा माणूस हसत हसत उगवला आणि म्हणाला, आपल्या इंटरनेटची तब्येत तपासत आहोत. आणि माउसचा बाण जागच्या जागी गोठला.

हा निळा माणूस नवीन फायबरसोबत आला. वायर जोडणारा पोरगा म्हणाला होता, काका हे सपोर्ट सॉफ्टवेअर पण टाकून देतो, फ्रीच आहे, प्रॉब्लेम आला की हेच सांगेल. खरं आहे, आता प्रॉब्लेम आला की हाच असतो.

तेवढ्यात आबा आले. आबा म्हणजे आमचे शेजारी, रेल्वेच्या लोको शेडमधून, म्हणजे इंजिनांच्या कारखान्यातून, रिटायर झालेले फिटर, उन्हाळ्यात रोज दहाला आमच्या कूलरसमोर येऊन बसतात, त्यांच्या कूलरच्या गवताला वास येतो म्हणून (तीन वर्षं झाली, गवत काही बदललं नाही). कॉम्प्युटर कशात गुंतलाय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडायलाच मला दोन मिनिटं लागली. सगळ्यात वर निळा माणूस, आणि डिस्क 100 टक्के.

"शंभर म्हंजे चांगलंच ना भो," आबा म्हणाले. "फुल कामाले लागेल आहे."

"कामाला आहे आबा, पण माझ्या नाही."

"मंग हे उलटं बँकर आहे." आणि आबा निघाले कसाऱ्याला. कसारा ते इगतपुरी घाटात चढ 37 ला 1, म्हणून गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावतात, त्याले बँकर म्हणतात, बँकर मागून ढकलते, आणि तुझं हे मागून धरून बसलंय. इगतपुरीच्या चहापर्यंत आबा पोचले तेव्हा 10 वाजून 6 मिनिटं झाली होती आणि माझं लॉगिनचं पान अजून अर्धं पांढरं.

"मोबाईलवर काढ ना मंग."

मोबाईल कस्टमर केअरमध्ये अडकलेला होता. स्पीकरवर बासरी चालू, तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आबा म्हणे, वाजवून चांगलं राह्यला पण. शेवटी एक मुलगी आली.

"सर, आपलं सपोर्ट सॉफ्टवेअर उघडून हिरव्या बटणावर क्लिक करा."

"मॅडम, त्याच्यामुळेच तर कॉम्प्युटर अडकलाय."

"ओके सर, मग सॉफ्टवेअरमधून तशी तक्रार टाका ना."

इथे आबांचा तोल गेला. फोनवर वाकून म्हणाले, "ताई, जो दारात आडवा पडेल आहे त्यालेच दार उघडायले सांगून राह्यली का तू?"

"सर, आपल्यासोबत कोण आहेत?"

"फिटर," आबा म्हणाले. मी बोलायच्या आत.

"टेक्निशियन आहेत का सर?"

"हो मंग. लोकोचा. पस्तीस वर्षं."

"लोकलचे टेक्निशियन, ओके सर," टायपिंगचा आवाज आला, "साइटवर पोचलेत, नोंद केली आहे, आपला दिवस शुभ असो."

फोन कट. मिनिटभरात मेसेज: टेक्निशियनने भेट दिली, तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

मला त्या मुलीचा राग नाही, तिच्या समोरच्या कागदावर जे लिहिलंय तेच ती बोलणार. आणि माझा कॉम्प्युटर म्हातारा आहे हेही मान्य, 4 जीबी रॅम, आत जुनी फिरणारी हार्ड डिस्क, तिला एका वेळी दोन कामं सांगितली की धाप लागते. पण तो माझ्या पैशाचा आहे, लाईट माझी जळते, आणि वायरचा वेग 100 एमबीपीएस आहे हे मला सांगायला यांनी माझ्याच डिस्कवर मुक्काम ठोकायचा? मीटर रीडिंगवाला येतो, आकडा घेतो, जातो. तो काय फ्रीजमध्ये बसून राहतो का, काका थंडावा तपासतोय म्हणून?

बरं, निळ्या माणसाला कॉम्प्युटरमधून काढायला गेलो तर विचारतो का जाताय, सहा कारणं दिलेली, "तुम्हीच" हे कारण त्यात नाही. काढलं. रिस्टार्ट केलं. निळा माणूस पुन्हा हजर, कारण त्याचा अपडेट करणारा भाऊ वेगळा बसवलेला असतो म्हणे, तो मागे राहून याला परत बोलावतो. मग भावालाही काढलं. तोवर 11 वाजले, स्लीपरचं तत्काळ उघडलं आणि वेटिंग 41 मिळालं.

आबा अजून कूलरसमोरच.

"चहा सांग ना भो," म्हणाले. "व्हिजिटले आलो आहे मी."