पुस्तकात चित्र सापडलं म्हणजे ताईत अस्सल? नाही!

व्हॉट्सॲपवर परत तेच फिरतंय, की चौकोनी भोकाचं चिनी नाणं कॅटलॉगमधल्या चित्राशी जुळलं की ते अस्सल, आणि त्यावर ‘झंगदे तोंगबाव’ (तोंगबाव म्हणजे चलनी नाणं) असं लिहिलेलं असेल तर ५०० वर्षांपूर्वीचं मिंग काळातलं चलन. दोन्ही चूक आहे. झंगदे बादशहा गादीवर होता १५०५ ते १५२१, पण त्याच्या नावाची चलनी नाणी सरकारने पाडलीच नाहीत, जी मिळतात ती सगळी नंतर लोकांनी ओतून घेतलेली, ताईत म्हणून जवळ बाळगायला, मागे बहुतेक वेळा ड्रॅगन आणि फिनिक्स असतात बघा.

आता चित्राचं. चिनी नाण्यांच्या जुन्या पुस्तकांत फोटो नसतात, ठसे असतात, म्हणजे नाण्यावर ओला पातळ कागद दाबून बसवायचा आणि वरून शाई थोपटायची, मग उठावाची अक्षरं काळी उमटतात आणि मागची खोलगट जमीन पांढरी राहते. त्यात नक्षी कळते पण जाडी, वजन, धातूचा रंग, गंज काहीच कळत नाही, आणि नकली माल करणारेही तीच पुस्तकं समोर ठेवून बसतात ना! ठसा मूळ आकाराचा असतो, तर व्हर्नियर (बारीक माप घ्यायची सरकती पट्टी) लावून मोजा, अस्सलवरून साचा काढून ओतलेली नक्कल धातू आकसल्यामुळे किंचित लहान भरते.

पुस्तकं घ्याच, चिनी नाण्यांवर लिहिणाऱ्या डेव्हिड हार्टिलचं घ्या, पण प्रकार ओळखायला. प्लीज, नुसत्या चित्रावर पैसे देऊ नका.