आमचे जावई कॅड आहेत

संगणकावर यंत्रांच्या सुट्या भागांची रेखाटने करण्याच्या तंत्राला कॅड म्हणतात आणि माझा चरितार्थ त्यावर चालतो, ही साधी गोष्ट माझ्या सासऱ्यांना लग्न ठरले तेव्हापासून ठाऊक होती. निवृत्तीनंतर मात्र अण्णांना जुन्या इंग्रजी चित्रपटांचा नाद लागला आणि एका मिशाळ मेजरसाहेबांनी कुणा तरुणाला ‘कॅड!’ असे गरजून घराबाहेर काढलेले त्यांनी पाहिले. तेव्हापासून पाहुण्यांना माझी ओळख करून देताना ते "आमचे जावई कॅड आहेत" असे सांगतात, आणि ज्यांना अर्थ कळत नाही त्यांना तो सविस्तर समजावतात. स्त्रीला लग्नाचे वचन देऊन पळणारा, मित्राचा विश्वासघात करणारा, वरून रुबाबदार आणि आतून हलकट असा पुरुष, हा तो अर्थ.

शिवीचे खानदान तरी बरे निघेल, या आशेने मी शब्दकोश उघडले. आरंभ झकास होता. फ्रान्सच्या गॅस्कनी प्रांतात ‘कापदेत’ म्हणजे नायक. तिथल्या सरदार घराण्यांतील धाकटे पुत्र राजाच्या सैन्यात दाखल होत, त्यामुळे या शब्दाचा फ्रेंचमध्ये ‘कॅडेट’ झाला आणि धाकट्या मुलाला चिकटला. खडकवासल्याच्या प्रबोधिनीतला कॅडेट तो हाच, हे ऐकून अण्णा चक्क सावरून बसले.

दुर्दैवाने शब्द पुढे स्कॉटलंडला गेला. अठराव्या शतकातील एडिंबरामध्ये निरोप पोहोचवणारे, ओझी वाहणारे हरकामे ‘कॅडी’ म्हणवत. गोल्फच्या मैदानावरचा कॅडी हा त्यांचाच वारस. त्याचे शेपूट तोडून इंग्रजांनी ‘कॅड’ केला, असे मानले जाते. 1829 मध्ये शिलिबीर नावाच्या गृहस्थाने लंडनमध्ये पॅडिंग्टनपासून बँक ऑफ इंग्लंडपर्यंत घोड्यांची ऑम्निबस सुरू केली, तेव्हा अशा गाड्यांच्या मागे उभे राहून उतारू गोळा करणाऱ्या वाहकालाही लोक कॅडच म्हणू लागले, आणि डिकन्सने त्याच्या उर्मटपणाची यथेच्छ टिंगल केली. ईटन आणि ऑक्सफर्डची श्रीमंत पोरे गावातल्या सामान्य मुलांना याच नावाने हिणवत. म्हणजे मुळात यात दुराचाराचा संबंधच नव्हता. गरीब असणे एवढाच गुन्हा होता. पुढे जंटलमन मंडळींत कुणी नीच वागला, तर त्याला नोकरमाणसांच्या पंक्तीला बसवण्यासाठी हीच शिवी कामी आली. बिचाऱ्या वाहकाने कुणाला फसवले होते, हे मात्र कुणी विचारले नाही.

माझ्या या निवेदनातून अण्णांनी नेमका नको तो भाग उचलला. त्या काळच्या जंटलमनने शिंप्याचे बिल वर्षानुवर्षे थकवले तरी त्याच्या अब्रूला धक्का लागत नसे. पत्त्यांच्या डावातले देणे मात्र इमानाचे मानले जाई आणि ते बुडवणारा निःसंशय कॅड ठरे, असे मी बोलण्याच्या ओघात सांगून बसलो होतो.

"जावईबापू, रविवारच्या रमीचे चाळीस रुपये राहिलेत," अण्णा म्हणाले.

मी मुकाट्याने पैसे काढून दिले. ते खिशात घालून त्यांनी इस्त्रीवाल्याचे त्यांच्या नावावरचे बिल माझ्यापुढे सरकवले आणि आपण जंटलमन असल्यामुळे ते स्वतः भरणार नाही, असे शुद्ध मराठीत सांगितले.